स्त्रीवादी तत्त्वज्ञानात अभ्यासकांशी देवाणघेवाण करायची आहे. सुरुवात कुठून करावी?

भीमाकाठची (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवते. विभागात मी एकटीच आहे. माझे शिक्षण एम. ए. पर्यंत मराठी माध्यमातून झाले असून, इंग्रजी वाचनाची अडचण नसली तरी इंग्रजीत लिहायला मला पुष्कळ वेळ लागतो.

गेली तीन वर्षे मी जात्यावरच्या ओव्यांचा ज्ञानमीमांसेच्या, म्हणजे ज्ञान कशाला म्हणावे आणि ते कसे मिळते या विचाराच्या, अंगाने अभ्यास करते आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आणि त्यांतील बऱ्याच आता 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. त्या ऐकत असतानाच मी तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांचे 2007 सालचे ज्ञानविषयक अन्यायावरचे विवेचन वाचले. त्यांच्या मते अन्यायाचा एक प्रकार असा, की स्वतःचा अनुभव समजून घेण्यासाठी लागणारी संकल्पनाच समाजाच्या सामायिक भांडारात नसते. 'लैंगिक छळ' हा शब्द रूढ होण्यापूर्वी अमेरिकेतील नोकरदार स्त्रियांची जी कोंडी होत होती, ती त्या उदाहरणादाखल देतात. मला मात्र ओव्या ऐकताना वाटते, की सासुरवास, माहेर तुटणे, मुलगी म्हणून झालेला दुजाभाव यांसाठी बायकांकडे शब्द होते, नेमके होते, पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून तयार झालेले होते. उणीव होती ती ऐकणाऱ्यांची. मग याला शब्दांचा अभाव म्हणावे काय?

ही शंका कोणासमोर मांडावी, हेच मला कळेनासे झाले आहे. तत्त्वज्ञानाच्या चर्चासत्रात मी हा विषय मांडला तेव्हा 'हा साहित्याचा किंवा समाजशास्त्राचा विषय आहे' असे सांगून अध्यक्षांनी पुढच्या वक्त्याला बोलावले. स्त्री अभ्यासातील मैत्रिणींना ओव्यांविषयी आस्था आहे, पण ज्ञानमीमांसेची परिभाषा त्यांना लांबची वाटते. मला कौतुक नको आहे. माझे म्हणणे खोडून काढू शकेल असा वाचक हवा आहे. देशात किंवा देशाबाहेर अशा देवाणघेवाणीच्या कोणत्या जागा आहेत आणि माझ्यासारखीने तिथे कसे पोहोचावे?

पाटीपेन्सिल

ताई, तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. मी स्त्री अभ्यास शिकवण्यात पंचवीस वर्षे घालवली, त्यामुळे त्या बाजूने लिहिते.

आपल्याकडे स्त्री अभ्यास कोणत्याही एका विद्याशाखेच्या पोटातून निघालेला नाही, हे आधी लक्षात घ्यावे. 1974 साली मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने संशोधन केंद्र सुरू झाले, 1981 साली त्याच विद्यापीठात स्त्री अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली आणि तिच्यातूनच 1982 साली 'इंडियन असोसिएशन फॉर विमेन्स स्टडीज' ही संघटना उभी राहिली. या संघटनेच्या परिषदेत प्राध्यापकांच्या शेजारी चळवळीतील कार्यकर्त्या बसतात आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. परिषद अनेक उपविषयांत विभागलेली असते व प्रत्येक उपविषयाच्या संयोजक स्वतंत्रपणे सारांश मागवतात. ज्ञाननिर्मिती, भाषा किंवा संस्कृती यांच्याशी संबंधित उपविषय निवडून तुम्ही सारांश पाठवावा आणि सभासदत्वही घ्यावे, कारण परिषद संपल्यावर टिकणाऱ्या ओळखी सभासदांमध्येच होतात.

दुसरे नाव पुण्याच्या विद्यापीठातील क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राचे. 1987 साली सुरू झालेल्या या केंद्राने विद्युत भागवत आणि शर्मिला रेगे यांच्या काळात मराठीतून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी जे काम केले, त्याला मी देवाणघेवाणीचा उत्तम नमुना मानते. रेगे समाजशास्त्राच्या अभ्यासक होत्या. पण 'दलित स्त्रियांचे बोलणे वेगळे का' या गोपाळ गुरू यांच्या 1995 सालच्या लेखाला त्यांनी 1998 साली दिलेला प्रतिसाद हा ज्ञानमीमांसेतील युक्तिवादच होता. वेगळेपण मान्य करून बाजूला होणे पुरेसे नाही, दलित स्त्रीवादी भूमिदृष्टी, म्हणजे दलित स्त्रियांच्या जागेवरून जगाकडे पाहण्याची दृष्टी, ही इतरांनीही अभ्यासाने आणि संघर्षाने आत्मसात करण्याची गोष्ट आहे, असे त्यांनी मांडले. हे दोन्ही लेख 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आले. त्या साप्ताहिकात 1985 पासून स्त्री अभ्यासाची स्वतंत्र पुरवणी निघत आली आहे आणि तुमच्यासारख्या विषयाला तिथे जागा मिळू शकते.

आता तुम्ही खोडून काढणारा वाचक मागितला आहे, म्हणून एक प्रश्न विचारते. तुम्ही 'बायकांकडे शब्द होते' असे म्हणता तेव्हा कोणत्या बायका तुमच्या डोळ्यांसमोर असतात? त्याच संग्रहात बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगर वस्तीतील स्त्रियांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आहेत. माहेरच्या ओवीतील दुःख आणि या ओव्यांमधील अभिमान एकाच 'बायकांच्या भांडारात' घालता येतील का? जात बाजूला ठेवून ओवी ऐकली, तर तुम्हीही ऐकणाऱ्यांच्या त्याच रांगेत जाऊन उभ्या राहाल, अशी मला भीती वाटते.

दूरदेशी

मी पुण्याहून येऊन सध्या युरोपातील एका विद्यापीठात तत्त्वज्ञानात पीएच. डी. करते आहे. पाटीपेन्सिल यांचा प्रश्न मला अतिशय महत्त्वाचा वाटतो आणि त्याचे उत्तर शोधतानाच तुमचा लेख तयार होईल असे वाटते.

तुमची शंका एकटीची नाही. 2011 साली क्रिस्टी डॉटसन यांनी आणि 2012 साली गेल पोलहाउस यांनी, या दोन तत्त्वज्ञांनी, 'हायपेशिया' या नियतकालिकात जे लेख लिहिले, ते तुम्ही सर्वांत आधी मिळवावेत. पोलहाउस यांचे म्हणणे असे, की परिघावरच्या लोकांनी स्वतःच्या अनुभवासाठी संकल्पना घडवलेल्या असतात, परंतु सत्तेच्या जागी असलेले त्या वापरायलाच नकार देतात. हे अज्ञान जाणूनबुजून राखलेले असते. डॉटसन तर अन्यायाचे मूळ ऐकणाऱ्याच्या ठिकाणीच शोधतात आणि काळ्या स्त्रियांच्या विचारपरंपरेच्या आधाराने ते दाखवून देतात. म्हणजे तुम्ही ओवीच्या वाटेने ज्या जागी पोहोचलात, तिथे चर्चा आधीच सुरू आहे. हे वाचून निराश होऊ नये. त्या चर्चेत श्रमाच्या लयीत, पहाटे, दुसऱ्या बाईच्या सोबतीने घडलेल्या मौखिक ज्ञानाचे उदाहरण मला तरी कुठे आढळलेले नाही. जात्यावर बसलेली एक बाई ओवी म्हणते आणि दुसरी ती पुढे नेते, तेव्हा ऐकणारी तिथेच असते. म्हणून 'ऐकणाऱ्यांची उणीव' हे तुमचे वाक्यही तपासावे लागेल. कोण ऐकत नव्हते, हे नेमके सांगावे लागेल.

आता जागांविषयी. 'हायपेशिया' 1986 पासून स्वतंत्र नियतकालिक म्हणून निघते आणि या विषयातील ते सर्वांत प्रतिष्ठित व्यासपीठांपैकी एक आहे. 'फेमिनिस्ट फिलॉसॉफी क्वार्टरली' हे 2015 साली सुरू झालेले नियतकालिक सर्वांना विनामूल्य वाचता येते आणि लेखकांकडूनही शुल्क घेत नाही. लेखकाचे नाव परीक्षकांना कळू न देता परीक्षण होत असल्यामुळे तालुक्याच्या महाविद्यालयाचा पत्ता आड येत नाही. लेख परत आला तरी परीक्षकांचे सविस्तर अभिप्राय बहुधा मिळतात; तुम्हाला हवा असलेला खोडून काढणारा वाचक पुष्कळदा तिथेच भेटतो. संघटनांपैकी 1976 साली जर्मनीत स्थापन झालेली स्त्री तत्त्वज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना निरनिराळ्या देशांत परिसंवाद भरवते. जागतिक तत्त्वज्ञान परिषद सहसा दर पाच वर्षांनी भरते. 2018 साली ती बीजिंगला झाली आणि 2024 साली रोमला. प्रवासखर्चासाठी भारतीय तत्त्वज्ञान अनुसंधान परिषद आणि भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद यांच्या योजना पाहाव्यात. लेख मिळवण्याचे काम आता थोडे सोपे झाले आहे, कारण 2025 च्या जानेवारीपासून केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेतून सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके उपलब्ध झाली आहेत. तुमचे महाविद्यालय तिच्यात येते की नाही, हे ग्रंथपालांना विचारावे. येत नसेल तर जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून वाचता येईल.

भाषेविषयी एक गोष्ट आवर्जून सांगते. फ्रेंच तत्त्वज्ञ सिमोन द बोव्हुआर यांच्या 1949 सालच्या, इंग्रजीत 'द सेकंड सेक्स' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथाचा पहिला इंग्रजी अनुवाद 1953 साली एका प्राणिशास्त्रज्ञाने केला. त्याने पुष्कळ मजकूर गाळला आणि अस्तित्ववादाची परिभाषा रोजच्या शब्दांत विरघळवून टाकली. अभ्यासक मार्गारेट सायमन्स यांनी 1983 साली हे उघडकीस आणले, पण तोपर्यंत इंग्रजी वाचकांच्या दोन पिढ्यांनी बोव्हुआर यांना तत्त्वज्ञ म्हणून फारसे गणलेच नव्हते; संपूर्ण इंग्रजी अनुवाद यायला 2009 साल उजाडले. ओवीचा अनुवाद तुम्ही स्वतः करणार असाल, तर 'माहेर' हा शब्द तसाच ठेवून त्यावर दोन पाने लिहायला कचरू नका. त्या दोन पानांतच तुमचे तत्त्वज्ञान असेल.

मांडवीतीर

मी गोव्यात महाविद्यालयात शिकवते. वरच्या दोघींनी जागा सांगितल्या आहेत, म्हणून मी फक्त एक सावधगिरी सांगते. काही वर्षांपूर्वी मला एका परदेशी 'आंतरराष्ट्रीय परिषदे'चे ईमेलने निमंत्रण आले. सारांश पाठवल्यावर दुसऱ्याच दिवशी तो स्वीकारल्याचे उत्तर आले आणि मी आनंदाच्या भरात एका महिन्याच्या पगाराएवढे शुल्क भरले. प्रत्यक्षात त्या सभागृहात अभियांत्रिकीपासून दंतवैद्यकापर्यंत सगळे विषय एकाच दुपारी वाचले गेले आणि माझ्या निबंधावर एकही प्रश्न आला नाही. त्या परतीच्या प्रवासात मला फार रडू आले. तेव्हापासून मी आधी संयोजकांची नावे पाहते, त्यांतील एकीचे तरी लेखन वाचलेले आहे का हे स्वतःला विचारते आणि आधीच्या वर्षीचा कार्यक्रम मागवते.

आणि मराठी सोडू नका. पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाचे 'परामर्श' हे त्रैमासिक मराठीतून तत्त्वज्ञान लिहिण्यासाठीच आहे. आधी तिथे मराठीत पूर्ण युक्तिवाद करा, मग इंग्रजीकडे जा. विचार स्वतःच्या भाषेत पक्का झाला, की दुसऱ्या भाषेत तो कुठे निसटतो ते लगेच लक्षात येते. मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकामध्ये मराठीतच छापून आला होता. ताराबाई शिंदे यांनी 1882 साली बुलढाण्याहून लिहिलेले 'स्त्रीपुरुषतुलना' 1975 साली पुन्हा छापले गेले आणि 1994 साली इंग्रजीत गेले. आज जगभरच्या विद्यापीठांत ते वाचले जाते.

भीमाकाठची

तुम्हा तिघींचे मनापासून आभार. पाटीपेन्सिल ताई, तुमचा प्रश्न वाचून मी दोन दिवस काही लिहू शकले नाही. माझ्या टिपणवहीतील ओव्या पुन्हा काढून पाहिल्या, तर मी निवडलेल्या चाळीसपैकी एकही माजलगावची नव्हती. निवड करताना मी जे 'तत्त्वज्ञानाला जवळचे' मानले, त्यातच जात शिरलेली होती, हे मान्य करते.

आता मी दोन गोष्टी ठरवल्या आहेत. पोलहाउस आणि डॉटसन यांचे लेख मिळवून वाचेपर्यंत इंग्रजी सारांश कुठेही पाठवणार नाही. तोवर भीमनगरच्या ओव्या ऐकून 'परामर्श'साठी मराठी लेखाचा पहिला भाग लिहीन. 'कोण ऐकत नव्हते' या प्रश्नाने मी त्याची सुरुवात करणार आहे. मसुदा तयार झाला की इथेच कळवीन. दूरदेशी, तुम्हाला वेळ असेल तर 'माहेर'वरची दोन पाने आधी तुम्हाला पाठवू का?

दूरदेशी

अवश्य पाठवा. मी त्यावर कडक शेरे लिहीन, आणि माझ्या प्रबंधातील साक्षीवरचे, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यातून मिळणाऱ्या ज्ञानावरचे, प्रकरण तुम्हाला पाठवीन. त्यात एकही मराठी उदाहरण नाही, ही उणीव मला आजच जाणवली.