हलकेफुलके प्रेमपट पाहणारा प्रेक्षक आळशी असतो काय?

विरारकर: ‘विनोदी प्रेमपट पाहणारा प्रेक्षक आळशी असतो आणि आयुष्यातल्या प्रश्नांकडे पाठ फिरवतो,’ असे येथे काल एका सदस्येने लिहिले आहे. विरारहून चर्चगेट गाठणाऱ्या आणि रात्री त्याच गर्दीतून परतणाऱ्या माणसाला त्याचे प्रश्न कोणी नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. वडील आजारी असताना मी इस्पितळाच्या बाकावर असाच एक चित्रपट पाहिला. एका कानात इअरफोन होता आणि दुसरा कान परिचारिकेच्या हाकेसाठी मोकळा ठेवला होता. यात आळस नेमका कुठे दिसला?

अंधेरीची भाडेकरू: ते मीच लिहिले होते आणि ‘आळशी’ हा शब्द कायम आहे. वडिलांविषयी वाचून वाईट वाटले, परंतु त्याने मुद्दा सिद्ध होत नाही. माझा राग या चित्रपटांतल्या नायिकेच्या घरावर आहे. नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी समुद्र दिसणाऱ्या घरात एकटी राहते आणि तिला ना डिपॉझिट भरावे लागते, ना दलालाला महिन्याच्या भाड्याइतकी दलाली द्यावी लागते, ना सोसायटीच्या सेक्रेटरीला आपण अविवाहित का, हे सांगत बसावे लागते. मी हे सगळे केले आहे. करार अकरा महिन्यांचाच असल्यामुळे माझी पुस्तकांची खोकी मी आता सोडतच नाही.

एक घरमालक: भाडेकरू घर सोडताना भिंतींची काय अवस्था करून जातात, हेही एकदा चित्रपटात दाखवावे.

अंधेरीची भाडेकरू: आपल्यासारख्यांमुळेच खोकी बांधलेली राहतात. डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापून घेतल्यावरही रंग न देणारे घरमालक मी पाहिले आहेत.

बेस्टचा प्रवासी: भिंतींचे भांडण आवरावे. घराचे दुःखच पाहायचे असेल, तर अमोल पालेकरांचा 1977 चा ‘घरौंदा’ आहे: जोडपे घरासाठी पैसे जमवते, बिल्डर ते घेऊन पसार होतो आणि मग नायिका साहेबांशी लग्न करते. त्याच्या आदल्याच वर्षी बासू चटर्जींच्या ‘छोटी सी बात’मध्ये तेच पालेकर बसथांब्यावर प्रेमात पडून आपल्याला हसवत होते. शहर मुंबईच, आणि नायकही नोकरदारच. हलका चित्रपट खोटाच असावा लागतो, असे कोणी ठरवले?

अंधेरीची भाडेकरू: जुन्या चित्रपटाच्या पुण्याईवर आजच्यांना माफ करायचे, ही सोय बरी आहे. तरीही ज्या प्रेमपटात नायिका बससाठी थांबते, तेवढा मी पाहीन. आपल्या समाधानासाठी इतकी सवलत देते.

विरारकर: सवलतीबद्दल आभारी आहे. ‘आळशी’ हा शब्द मात्र अजूनही मागे घेतलेला नाही, याची नोंद केली आहे.