मदत हवी आहे: प्रत्यारोपणाआधीच आयलेट पेशी मरत आहेत

नेरूळचा_संशोधक: पांढऱ्या उंदरांच्या स्वादुपिंडातून वेगळे केलेले आयलेट (इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके) मधुमेही उंदरांत प्रत्यारोपित करण्यापूर्वी मी रात्रभर माध्यमात, म्हणजे पोषक द्रवात, ठेवतो. संध्याकाळी ते गोल आणि गुळगुळीत कडांचे दिसतात, पण सकाळी जिवंत-मृत रंजक घालून पाहिले की कडा हिरव्या (जिवंत) आणि गाभा लालभडक (मृत). संरक्षणासाठी माध्यमात काय घालावे, एवढेच कृपया सांगावे. सोमवारी मार्गदर्शकांपुढे उभे राहायचे आहे.

सूक्ष्मदर्शी: तापमान, माध्यम, आकार यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही. गाभा सर्वच आयलेटचा मरतो का?

नेरूळचा_संशोधक: ३७ अंश, आरपीएमआय हे माध्यम, १० टक्के सीरम. मोठ्यांचाच मरतो. घालायचे काय?

महापेवाला: एन-ॲसिटिल सिस्टीन हे ऑक्सिडीकरणरोधक घाला. आयलेटमधल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींत कॅटॅलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही विकरे मुळातच तुटपुंजी असल्यामुळे ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापुढे त्या लवकर मान टाकतात.

सूक्ष्मदर्शी: असहमत. कडा जिवंत आणि गाभा मृत, तेही मोठ्यांतच, म्हणजे हा प्राणवायूचा तुटवडा आहे. शरीरात आयलेटला केशवाहिन्यांचे दाट जाळे असते. वेगळे करताना ते तुटले की प्राणवायू केवळ पृष्ठभागावरून झिरपतो आणि व्यास सुमारे १५० मायक्रॉनपुढे गेला की आतवर पुरत नाही. बशीत गर्दी टाळा, माध्यमाचा थर पातळ ठेवा, तापमान २२ अंशांवर आणून पाहा. पेशींची मागणीच घटेल.

ठाणेकर_काका: माझ्या भाचीला टाइप १ मधुमेह आहे. हा उपचार तिला चालेल का?

महापेवाला: काका, २००० साली कॅनडातील एडमंटनच्या आयलेट प्रत्यारोपण पद्धतीने सात रुग्ण इन्सुलिनमुक्त झाले आणि २०२३ साली अमेरिकेत लँटिड्रा या दात्याच्या आयलेट पेशींच्या उपचाराला मान्यताही मिळाली, पण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत राहावी लागतात. तिच्या डॉक्टरांशीच बोला.

सूक्ष्मदर्शी: मूळ प्रश्नाकडे येऊ. स्वादुपिंड कोठे काढता?

नेरूळचा_संशोधक: प्राणिगृह घोडबंदर रस्त्याला आहे. तेथेच पित्तनलिकेतून कोलॅजिनेज (ऊती पचवून आयलेट सुटे करणारे विकर) भरतो आणि स्वादुपिंड बर्फात ठेवून ऐरोलीमार्गे आणतो. वाहतूक कोंडीत दोन तास सहज जातात, पण त्याचा येथे काय संबंध?

सूक्ष्मदर्शी: मोठा संबंध आहे! बर्फाने विकराचे काम मंदावते, पूर्ण थांबत नाही, आणि तेवढा वेळ पेशी रक्ताविना राहतात. पचन आणि शुद्धीकरण ठाण्यातच उरकून आयलेट माध्यमात आणा. मात्र नळीच्या तळाशी त्यांचा ढीग बसू देऊ नका, कारण ढिगातही ते गुदमरतात. आडव्या फ्लास्कमध्ये पसरून आणा.

महापेवाला: त्या फ्लास्कमध्ये माझे सिस्टीन घालायला हरकत काय?

सूक्ष्मदर्शी: घाला, पण शेजारी सिस्टीनविना एक फ्लास्क ठेवा, म्हणजे श्रेय कोणाचे ते कळेल.

नेरूळचा_संशोधक: ठाण्यात फायकॉलच्या (घनतेनुसार आयलेट वेगळे करणाऱ्या द्रवाच्या) थरांसाठी अपकेंद्रयंत्र नाही. सूक्ष्मदर्शकाखाली हाताने वेचले तर चालतील का?

सूक्ष्मदर्शी: चालतील. एका उंदरामागे काही शेच मिळतात. डायथायझोन या रंजकाने लाल होतात ते आयलेट, बाकीचे सोडून द्या. पण तो रंग नमुन्यापुरता थोड्यांनाच द्या, प्रत्यारोपणाच्या आयलेटना नको.