जंगलातली एटीव्ही रेस शिकायची आहे, खानापूर भागात सुरुवात कुठून करू?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातला आहे, वय २४, घरची वीटभट्टी. गेल्या महिन्यात गोव्याकडच्या एका रिसॉर्टवाल्यानं धंदा आवरला, त्याच्याकडनं जुनी एटीव्ही उचलली, म्हणजे वर बसून हँडलनं चालवायची चार चाकांची रानगाडी. ऑटोमॅटिक आहे, बेल्टवर चालते. पोरंटोरं बसवून फिरवायची गाडी, पण इंजिन चांगलं आहे.

अमेरिकेतल्या झाडांतनं पळवायच्या रेसचे व्हिडिओ बघून डोकं फिरलंय. मला तेच शिकायचं आहे. मोटोक्रॉससारख्या उड्या नकोत, झाडांतनं वाट काढत पळवायची. सामान काय लागेल? सराव कुठं करू? जांबोटीच्या पुढं कणकुंबीकडं रान पडलंच आहे, तिथं घातली तर चालेल काय? मित्र म्हणतात आधी सायलेन्सर बदल. आई म्हणते चाकं चार आहेत म्हणजे पडायची भीती तरी नाही. खरंच विचारालोय, चेष्टा करू नका.

नटबोल्ट_मच्छे

कॉलेजात बाहाच्या टीममध्ये होतो, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पोरांनी गाडी बनवून पळवायची स्पर्धा, म्हणून लिहितो. आम्ही तिलाही एटीव्हीच म्हणायचो, पण ती पाइपच्या पिंजऱ्यातली बग्गी. आत सीट, पट्टा, स्टेअरिंग. तुझी गाडी वेगळी, घोड्यासारखी वर बसायची. पिंजरा नाही, पट्टा नाही. आमचा अनुभव तुला वेल्डिंगपुरता उपयोगी.

आणि एक, हा खेळ आटत चाललाय रे. डकार रॅलीत २००९ पासून क्वाडचा, म्हणजे तुझ्यासारख्या चार चाकी एटीव्हीचा, वेगळा गट होता, २०२४ नंतर तोही बंद केला. पैसे घालायच्या आधी विचार कर.

उद्यमबागचा पॅटर्नवाला

डकार वाळवंटातली, तिचं इथं काय काम? झाडांतल्या रेसचा गाव वेगळा.

मी फाउंड्रीच्या पॅटर्नच्या, म्हणजे ओतकामाच्या नमुन्यांच्या, कामात आहे. कंपनीनं ओहायोला पाठवलं होतं, तिथं शेजारच्या शॉपमधल्या एका मेकॅनिकच्या नादानं तीन सीझन पळवली. कायम 'सी' क्लासात, म्हणजे नवख्यांच्या. कप वगैरे काही नाही, तेव्हा मोठा रेसर समजून वाचू नकोस.

मलप्रभाकाठ, आधी जागेचं. कणकुंबीकडचं रान डोक्यातनं काढ. तिथलं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, आणि आजूबाजूचं बरंचसं रान वनखात्याचंच. परवानगीशिवाय गाडी आत घातलीस तर गाडी जाईल, केस लागेल, आणि तुझ्यामुळं उद्या पायी जाणाऱ्या पोरांनाही अडवतील. शिवाय त्या पट्ट्यात अस्वलं आहेत, गवे आहेत. वळणावर गवा उभा असला तर तो काही ओळखपत्र मागत नाही. रस्त्यावरही काढायची नाही, रिसॉर्टच्या असल्या गाडीला पासिंग नसतं. न्यायची तर छोट्या हत्तीत घालून, दोरांनी आवळून.

अरे पण तुझ्या घरची वीटभट्टी आहे म्हणतोस! माती काढलेले खड्डे, त्यांचे उतार, राखेचे ढीग. आणि खानापूरची ती चिकण माती, ज्या मातीची कौलं होतात. पहिल्या वळवानंतर तिच्यावर गाडी घाल. वेस्ट व्हर्जिनियात पावसानंतरचा ट्रॅक डिट्टो तसाच असतो. टायरच्या खाचा भरून चाक गुळगुळीत होतं आणि ब्रेक दाबला तरी गाडी आपली सरळच चालते.

आता रेस कशी असते ते. तिथली मोठी मालिका जीएनसीसी. शनिवारी क्वाड, रविवारी मोटारसायकली. इंजिन बंद ठेवून रांगेत उभं राहायचं, झेंडा पडला की स्टार्टर मारायचा आणि सुटायचं. एक रांग गेली की जरा वेळानं मागची. मग सुमारे दोन तास आठ-दहा मैलांच्या फेऱ्या. मुळं, दगड, ओढे, चिखल, आणि झाडं कुणासाठी सरकत नाहीत. बिल बॅलन्सनं २००० ते २००८ सलग नऊ वर्षं तिथलं क्वाडचं विजेतेपद घेतलं. माझं म्हणशील तर नऊ वर्षं सोड, पहिल्या रेसला नऊ मैल झेपले नाहीत.

ऐक ते. पहिल्या फेरीत अंगात वारं शिरलं होतं. डावीकडं एक खुंट दिसला, गुडघ्याएवढा, वरनं शेवाळ आलेला. चुकवायचा म्हणून मी त्याच्याकडं बघत राहिलो. नजर गेली तिकडं हँडल गेलं, हँडल गेलं तिकडं चाक. डावं पुढचं चाक खुंटावर बसलं, टाय-रॉड, म्हणजे हँडलनं चाक वळवणारा दांडा, धनुष्यासारखा वाकला. एक चाक ओहायोकडं, एक केंटकीकडं. रान ओलांडून गाडी ढकलत आणली. गॉगलच्या आत घामानं धुकं, हाताच्या दांड्यात असा गोळा आलेला की पाण्याची बाटली उघडेना. मेकॅनिक हसत म्हणाला, खुंट नको असेल तर वाट बघायची, खुंट बघायचा नाही.

म्हणून सायलेन्सर राहू दे. बांबू आण. भट्टीच्या जागेत बांबूच्या जोड्या रोव, बारा-तेरा दारं होतील अशा, वाकडीतिकडी. आधी गाडी बाहेरच्या टायरपासून बाहेरच्या टायरपर्यंत मोज. त्यात एक वीत मिळवायची, तेवढं दार. झाडांतल्या रेसला गाडी अरुंद लागते, साधारण ४६ इंच. मोटोक्रॉसची ५० च्या आसपास असते. ते चार इंच टीव्हीवर दिसत नाहीत, पण दोन सागांच्या मधे दिसतात. दारातनं जाताना नजर पुढच्या दारावर. पहिला महिना वेग नाही, फक्त बांबू न पाडता फेऱ्या.

वळण घेताना बूड उचलून आतल्या बाजूला झुकायचं. रेसच्या क्वाडला मागं आख्खा एकच दांडा असतो, दोन्ही चाकं सारखीच फिरतात, त्यामुळं ती आपणहून वळत नाही. अंगानं वळवावी लागते. तुझ्या गाडीला मागं डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअर, आहे का बघ, असेल तर तिचं वागणं जरा निराळं.

सामानात पैसे या क्रमानं घाल. फुल-फेस हेल्मेट आणि गॉगल. घोट्याच्या वर येणारे बूट, सेफ्टी शूज चालणार नाहीत. छातीचं कवच. मग किल स्विचची दोरी, एक टोक मनगटाला. तू पडलास की इंजिन बंद पडलं पाहिजे. आणि नर्फ बार, म्हणजे पाय ठेवायच्या जागेभोवतीचा पाइप आणि जाळी. तो उद्यमबागेत शंभर ठिकाणी वाकवून मिळेल. जाळी नसेल तर पाय घसरून थेट मागच्या चाकाखाली जातो. टायरात हवा पाच ते सात पीएसआय, मोटारसायकलसारखी टम्म भरू नकोस. इतकी कमी हवा मोजायला साधा गेज उपयोगाचा नाही, वेगळा घे.

भाताचा बांध

पॅटर्नवाल्यांनी बरं सांगितलं. मी शेतकरी, रेसचं कळत नाही. पण सुगीनंतर मोकळी शेतं बघून ही पोरं गाड्या घालतात, बांध मोडतात, आणि जूनमध्ये पाणी खालच्याच्या शेतात. मग भावाभावात कोर्ट. जमीन कुणाची ते विचारून, तोंडी नाही, दोन ओळी लिहून घेऊन घाल. काजूच्या बागेत मोहोर असताना तर अजिबात नको.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे आभार. कणकुंबी रद्द. काकांची काजूची बाग आहे, ती पण रद्द 😄

पॅटर्नवाले दादा, दोन शंका. आईचं ते चार चाकांचं खरं आहे काय? आणि आपल्याकडं रेस कुठं?

उद्यमबागचा पॅटर्नवाला

आईंना सांग, चार चाकंच घात करतात. मोटारसायकल पडली तर बाजूला पडते, आपण सुटतो. ही चढावर मागं उलटते आणि अंगावर येते. रेसची क्वाड पावणेदोनशे किलोच्या पुढं, तुझी त्याहून जडच असणार. चढावर अंग पुढं, अडकलास तर गॅस वाढवायचा नाही, ब्रेक धरून वरच्या बाजूला उतरायचं. मागं कुणाला बसवायचं नाही, आणि एकट्यानं सराव करायचा नाही. भट्टीवरचा एखादा माणूस बघत असू दे.

रेसचं म्हणशील तर फक्त क्वाडसाठी झाडांतली मालिका आपल्याकडं माझ्या बघण्यात नाही. एफएमएससीआय, म्हणजे देशातली मोटर रेसिंगची संघटना, तिच्या मान्यतेच्या स्पर्धेत उतरायचं तर आधी त्यांचं लायसन्स काढावं लागतं. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज सुरू झालं, ती जीपवाल्यांची स्पर्धा, पण एकदा बघून ये. विंच, म्हणजे गाडी ओढायची दोराची चरखी, कशी लावतात, अडकलेली गाडी शांत डोक्यानं कशी काढतात, ते बघायला मिळतं. चोर्ला उतरलं की गोवा.

नर्फ बारचं माप घेऊन ये, दुकानात पाइप पडलेला आहे. पैसे वेल्डरला दे, मला चहा पाज.

मलप्रभाकाठ

रविवारी केलं. गाडी ४७ इंच भरली. दार ५६ चं ठेवलं, तेरा दारं. पहिल्या फेरीत नऊ पाडली, दुसऱ्या फेरीत अकरा. म्हणजे वेग वाढवला ना मी, सांगूनसुद्धा. तिसरी फेरी चालत्या बैलगाडीच्या वेगानं, चार पाडली. भट्टीवरचे मामा बांबू पुन्हा पुन्हा रोवून वैतागले, म्हणाले याच्यापेक्षा वीट थापलेली बरी.

बुधवारी माप घेऊन येतो दादा.