हरूनही विजेतेपद मिळत असेल, तर ओहायो-मिशिगन सामन्यात उरलं काय?

उपरा_कोलंबसकर: सात वर्षं कोलंबसात, ओहायो स्टेट विद्यापीठाच्या गावात काढली म्हणून बोलतोय. ३० नोव्हेंबर २०२४ ला ओहायो स्टेट अमेरिकन फुटबॉलमध्ये घरच्या मैदानावर मिशिगन विद्यापीठाकडून १३-१० हरली. तेही सहा जिंकून पाच हरलेल्या मिशिगनकडून! गावात सुतक. आणि २० जानेवारीला हेच पठ्ठे नोत्र दामला ३४-२३ हरवून राष्ट्रीय विजेते. १२ संघांचा प्लेऑफ (विजेता ठरवणारी बाद फेरी) त्याच मोसमात सुरू झाला होता. पूर्वी हा एक सामना गेला की वर्ष पाण्यात जायचं. आता 'गेला तर गेला, पुढे बघू'. १८९७ पासूनच्या वैराची जत्रा झालीय नुसती.

ॲन_आर्बरची_सून: चषक मिळाला ना? मग १३-१० म्हटलं की अजून तोंड का वाकडं होतं? त्या दिवशी आमच्या मिशिगनच्या पोरांनी तुमच्या मैदानात मधोमध झेंडा रोवायला घेतला, हाणामारी जुंपली, पोलिसांनी मिरीचा फवारा मारला, दोन्ही विद्यापीठांना एकेक लाख डॉलर दंड झाला. (झेंडा रोवणं आगाऊपणाच होता, माझी हरकत नाही हे म्हणायला.) जत्रेत एवढं होतं?

पंट_पाटील: जुनं सगळं सोनं नव्हतं हो. १९७३ आठवा. प्रशिक्षक वुडी हेजची ओहायो आणि प्रशिक्षक बो शेम्बेकलरचं मिशिगन, दोघंही तोवर अपराजित, सामना १०-१० बरोबरीत. तेव्हा बिग टेन या दोघांच्या गटातून एकच संघ बोलसामन्याला (मोसमानंतरच्या मानाच्या सामन्याला) जायचा, तोही 'रोझ बोल' या सामन्यालाच. तो कोण, हे गटातल्या विद्यापीठांच्या क्रीडासंचालकांनी मतदानानं ठरवलं आणि ओहायोला धाडलं. मिशिगनच्या क्वार्टरबॅकचं (चढाईच्या सूत्रधाराचं) कॉलरबोन त्याच सामन्यात मोडलं होतं, हे कारण सांगितलं गेलं. एकही सामना न हरता बिचारे घरी! शेम्बेकलरनं तो राग शेवटपर्यंत सोडला नाही. प्लेऑफ असता तर दोघंही खेळले असते.

उपरा_कोलंबसकर: पाटील, हे तर माझ्याच बाजूचं झालं की. पन्नास वर्षं लोटली तरी ती जखम ओली आहे, कारण तेव्हा खरंच काहीतरी हातातून गेलं होतं. २०२४ मध्ये आमचं काय गेलं? काही नाही.

ॲन_आर्बरची_सून: लॅबच्या दारावर तुमच्या आडनावाची पाटी होती ना? सामन्याच्या आठवड्यात तिच्यातल्या 'एम'वर (मिशिगनचा एम म्हणून) लाल चिकटपट्टीची फुली कोण मारायचं?

उपरा_कोलंबसकर: आख्ख्या कॅम्पसवर मारतात. इमारतींच्या पाट्यांवरसुद्धा. आमच्या लॅबमधला एक चिनी पोरगा सगळ्यांच्या पाट्यांचं बघायचा. त्याला फुटबॉलचा एक नियम माहीत नव्हता.

ॲन_आर्बरची_सून: मग? त्याला प्लेऑफचं कोष्टक पाठ होतं म्हणून मारायचा का? १९५० ला तुमच्याकडे बर्फाच्या वादळात खेळले, रेषा दिसत नव्हत्या. आमच्यांना एकही फर्स्ट डाउन (चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकणं) मिळाला नाही, तरी ९-३ जिंकले. सासरे त्या सामन्याच्या वेळी जन्मले नव्हते, पण थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला असं सांगतात जणू स्वतः बर्फ उपसत होते.

पंट_पाटील: माझं मत प्लेऑफच्याच बाजूनं. पण खरं सांगतो, २०२० ला कोरोनामुळे सामना रद्द झाला, तेव्हा मला त्या शनिवारी दुपारी काय करावं सुचेना. बायकोनं माळा आवरायला लावला.

उपरा_कोलंबसकर: आवरला का?

पंट_पाटील: अर्धा.