शब्दचर्चा: ‘तेरुआर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: इटलीतल्या प्रांतोप्रांतीच्या वाइनवर लेख लिहितोय. ‘तेरुआर’ हा फ्रेंच शब्द पानोपानी येतो, म्हणजे जमीन, उतार, हवामान यांचा वाइनवर उमटणारा ठसा. मी ‘मृदावैशिष्ट्य’ असं केलं, पण वाचताना अडखळायला होतं. रुळलेला शब्द आहे का?

उत्तर: ‘मृदावैशिष्ट्य’ नको. त्याला माती-परीक्षणाच्या अहवालाचा वास येतो, शिवाय त्यात नुसती माती येते. उतार, ऊन, धुकं बाहेरच राहतं. इटालियन लोक बरेचदा ‘तेरितोरियो’ म्हणतात, म्हणजे मुलूख. मला विचाराल तर आपल्याकडे ‘गुण’ हा शब्द तयार आहे, आणि त्याचं क्रियापदही ठरलेलं आहे: गुण लागतो. ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला.

पिएमोंते प्रांतातली बारोलो ही लाल वाइन घ्या. द्राक्ष एकच, नेब्बिओलो; नियमाप्रमाणे दुसरं मिसळता येत नाही. ला मोर्रा गावाकडची जमीन निळसर-करडी, चुना असलेली चिकणमाती. तिथली वाइन सुवासिक, मऊ, लवकर पिण्याजोगी होते. लांगे या डोंगराळ भागात, त्याच टेकड्यांत पूर्वेला सेरालुंगा द’आल्बा हे गाव. तिथे मातीच्या थरांत वालुकाश्म येतो आणि वाइन ताठर होते. कोवळी असताना घोट घेतला तर जांभळं खाल्ल्यावर जीभ आवळते ना, तशी आवळते. (जीभ आवळणाऱ्या या द्रव्याला टॅनिन म्हणतात; त्यासाठी ‘तुरटपणा’च लिहा, यापेक्षा नेमका शब्द नाही.) वाण तोच, गुण जमिनीचा. म्हणून ‘तेरुआर’ असेल तिथे ‘जमिनीचा गुण’ लिहा, आणि वाक्यात धुकं-ऊन आलं की ‘हवापाणी’ जोडा.

प्रश्न: पण म्हणीतला ‘वाण’ म्हणजे रंग ना? तुम्ही तो द्राक्षाच्या जातीसाठी घेतलात.

उत्तर: बरोबर पकडलंत. म्हणीत वाण म्हणजे वर्ण, बैलाचा रंग. शेतकरी ‘भाताचा वाण’ म्हणतो तेव्हा अर्थ जात. मी दुसरा अर्थ घेतला, तरी पहिलाही इथे लागू पडतो: नेब्बिओलोची वाइन दोन्ही गावांत फिकट लालच असते, ग्लास तिरका केला की कडेला विटकरी झाक दिसते. रंगावरून गाव ओळखू जाल तर फसाल.

प्रश्न: मग ‘बारोलो’ स्त्रीलिंगी की पुल्लिंगी?

उत्तर: इटालियनमध्ये पुल्लिंगी, पण मराठीत ‘वाइन’च्या ओढीने ‘ती बारोलो’ हेच तोंडात बसतं. मूळ बारोलो हे गाव. आपण ‘देवगडचा हापूस’ म्हणतो, त्यात वाणही आला आणि गावही. तिकडे वाणाचं नाव गळून नुसतं गाव उरलं. वाचकाला हे एकदा सांगा, कारण अनेकांना बारोलो ही द्राक्षाची जात वाटते.

प्रश्न: बाटल्यांवर ‘सोरी’ असतं, त्याचं काय करू?

उत्तर: पिएमोंतेच्या बोलीतला शब्द आहे, भाषांतर करू नका. दक्षिणेकडे तोंड असलेला, दिवसभर ऊन खाणारा उतार म्हणजे सोरी. हिवाळ्यात बर्फ आधी तिथलं वितळतं. पहिल्यांदा येईल तिथे ‘ऊन खाणारा उतार’ एवढं लिहा, पुढे ‘सोरी’च चालू द्या. टेकडीचा माथा असेल तर ‘ब्रिक्को’. त्याला आपला ‘माथा’ पुरतो.