सर्व्हरवरची अपडेट आणि आपली फजिती : अनुभव लिहा

फोंडेकर
आमचे संकेतस्थळ ज्यांच्या सर्व्हरवर आहे त्या होस्टिंग कंपनीने काल पुन्हा ‘सर्व्हर अद्ययावत करणार’ अशी सूचना पाठवली आणि मागच्या वेळचे सगळे आठवले. आमच्या देवस्थानाचे संकेतस्थळ जुने. त्याच्या माहितीसाठ्यातले तक्ते लॅटिन-१ (फक्त रोमन अक्षरांचा जुना संच) म्हणून नोंदलेले आणि आत भरलेला मजकूर मात्र यूटीएफ-८ (सर्व लिप्या मावणारी पद्धत) देवनागरी. माहितीसाठा सांभाळणारी माय-एसक्यूएल ही प्रणाली ५.७ आवृत्तीची होती तोवर लिहिताना आणि वाचताना ‘मजकूर लॅटिन-१ आहे’ ही एकच थाप चालत असल्याने कोणाच्या लक्षात आले नाही. ८.० मध्ये न सांगता गृहीत धरला जाणारा अक्षरसंचच यूटीएफ-८-एमबी-४ (म्हणजे पूर्ण यूटीएफ-८) झाला आणि जत्रेच्या तोंडावर महाजनांच्या (देवस्थानाच्या सभासदांच्या) यादीत नावांच्या जागी माथ्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन ‘ए’ची रांग दिसू लागली. कंपनीचे उत्तर एका ओळीचे होते: आमच्या बाजूने सर्व सुरळीत आहे.

कुळागर
फोंडेकरबाब, रोमन अक्षरांचा कचरा दिसला तर देवाचे आभार माना. साठवलेले मूळ बाइट शाबूत असतात. तक्त्यातला स्तंभ आधी बायनरी (कोणताही अक्षरसंच नसलेला) आणि मग यूटीएफ-८ केला की देवनागरी परत येते. भीती प्रश्नचिन्हांची असते. अपडेटनंतर कोणी नवीन नोंदी भरल्या आणि सर्व्हरवर स्ट्रिक्ट मोड (न मावणारा मजकूर नाकारण्याची सोय) नसला, तर लॅटिन-१ मध्ये न मावणारे प्रत्येक अक्षर प्रश्नचिन्ह होऊन साठते आणि ते काही केल्या परत येत नाही. त्या दिवशी पावत्या फाडल्या होत्या का?

फोंडेकर
फाडल्या होत्या. अभिषेकाच्या नोंदी दुपारपर्यंत भरल्या गेल्या होत्या. ती नावे शेवटी पावतीपुस्तकाच्या कार्बन प्रतींवरून पुन्हा घातली.

म्हापशाची सून
आमची तक्रार उलटी, अपडेट न केल्याची आहे. संकेतस्थळांना मोफत सुरक्षा प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या प्रमाणपत्रांना आधार देणारे जुने मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपले, आणि आमच्या सर्व्हरवरची, प्रमाणपत्रे तपासणाऱ्या ओपनएसएसएलची १.०.२ ही जुनी आवृत्ती त्या संपलेल्याच साखळीला धरून बसली. गेस्ट हाऊसचे संकेतस्थळ ब्राउझरमध्ये व्यवस्थित उघडत होते, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. पण सर्व्हर बाहेरच्या बुकिंग यंत्रणेशी बोलेनासा झाला होता. ऐन हंगामाच्या सुरुवातीला एकच खोली दोघांना दिली गेली आणि दोन्ही कुटुंबे सामानासकट दारात उभी राहिली. तेव्हापासून अपडेट नको म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते.

डिचोलीचा मास्तर
आमच्या शाळेच्या संकेतस्थळाची थीम (पानांचा साचा) पीएचपी या संगणकीय भाषेच्या ८ व्या आवृत्तीत काढून टाकलेल्या फंक्शनवर (तयार आज्ञेवर) उभी होती, त्यामुळे पान कोरे झाले. ते आम्हाला दिवाळीच्या सुटीत कळले, यावरून वाचकसंख्येचा अंदाज यावा.

सांगेकर
मास्तर, कोरे पान परवडले, निदान ते दिसते तरी. आमच्या नाट्यमंडळाच्या वर्गणीच्या फॉर्ममध्ये ‘रक्कम शून्याइतकी असेल तर नाकारा’ अशी अट होती. पीएचपी ७ पर्यंत रिकामी चौकट आणि शून्य यांची तुलना खरी ठरत असे. २०२० मध्ये आलेल्या ८.० पासून ती खोटी ठरते. कोठेही चूक दिसली नाही, त्रुटींच्या नोंदवहीत एक ओळ उमटली नाही, आणि रकमेची चौकट रिकामी सोडणाऱ्या सभासदांना आभाराच्या पावत्या रीतसर जात राहिल्या. खजिनदारांनी ताळेबंद मांडला तेव्हा हे उघड झाले. बदल योग्यच आहे, हे मी मान्य करतो. परंतु ‘किरकोळ सुधारणा’ या मथळ्याखाली तो आमच्या माथी मारणे योग्य नव्हते.

म्हापशाची सून
सांगेकर, अशी पावती आम्हालाही मिळेल का?

सांगेकर
ताई, आता अट दुरुस्त केली आहे. उशीर झाला तुम्हाला.

कुळागर
वेळेबद्दल कोणीच कसे लिहिले नाही? ‘रात्री दोन वाजता काम करू, अडचण होणार नाही’ असे कळवतात, पण ती रात्र अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची असते. त्यांच्या उन्हाळी वेळेप्रमाणे तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. नेमक्या त्याच वेळी आमच्या सहकारी संस्थेत सुपारीचे दर भरत असतात.

डिचोलीचा मास्तर
आणि फोन केला तर त्यांच्याकडे खरोखरच सगळे झोपलेले असतात.