तुमच्या वर्गातले आता कुठे आहेत? बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे अनुभव

मी १९९४ ला टिळकवाडीतल्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले. निकालाच्या दिवशी शंभर पानी वहीत वर्गातल्या सगळ्यांचे पत्ते लिहून घेतले होते. शहापूर, अनगोळ, येळ्ळूर, कडोली, कंग्राळी. फोन मोजक्यांकडे, तोही शेजारच्या घरातला, म्हणून नंबरापुढे 'पी.पी.' ती वही अजून माझ्याकडे आहे. काही नावांपुढे चार-चार पत्ते खोडलेत, शेवटचा पिंपरीचा नाहीतर फोंड्याचा. अकरा नावांपुढे मात्र अजून पहिलाच पत्ता आहे आणि तिथे टाकलेली पत्रं परत आली.

आमच्या पदव्या धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या. बेळगावला राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं ते २०१० साली. त्यामुळे सर्टिफिकेट आणायला पहाटेच्या बसने धारवाडला गेलो, तेवढीच आमची शेवटची सहल. पुढे कोण कुठे गेलं हे बरंचसं कन्नडवर ठरलं. ज्यांना नीट लिहिता-वाचता येत होतं ते इथल्या सरकारी नोकरीत राहिले. मराठी माध्यमातले आम्ही बहुतेक जण पुणे, कोल्हापूर, गोवा असे पांगलो. हुशारीशी त्याचा काही संबंध नव्हता, हे मला मनापासून वाटतं. तुमच्या वर्गाचं काय झालं? सविस्तर लिहा.

निपाणीहून

आमचं घर कर्नाटकात आणि कॉलेज महाराष्ट्रात. अर्जुननगरचं देवचंद कॉलेज निपाणीला लागूनच, पण तालुका कागल आणि विद्यापीठ शिवाजी. वर्गात कागल-मुरगूडच्या मुली आणि आम्ही निपाणीच्या, तीन वर्षं एका बाकावर. सीमा कुठली, कोणाच्या ध्यानातही नसायचं. पदवीनंतर ध्यानात आली. महाराष्ट्राच्या भरतीत सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना अर्ज करता येतो, पण त्याला रहिवासाचा दाखला लागतो. माझा दाखला एका कार्यालयात अडकला आणि मुदत टळली. बाकावरच्या मैत्रिणीला असला दाखला लागणारच नव्हता. ती कोल्हापुरात नोकरीला लागली. मी दोन वर्षं तिला फोन केला नाही. तिची काय चूक होती? तिसऱ्या दिवाळीला तीच फराळाचा डबा घेऊन दारात आली. आता तिच्या लेकीच्या अभ्यासाचं सगळं मला आधी कळतं.

उद्यमबागेतून

मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. वडील गेले, फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, मोल्डिंगला, वाळूचे साचे करायच्या कामाला लागलो. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपात घेतलं. पहिल्याच दिवशी ठरलं, प्रत्येकानं आपली कंपनी आणि हुद्दा लिहायचा. मी तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. रात्री ग्रुप सोडला.

पुढच्या आठवड्यात शिफ्ट सुटली आणि बघतो तर बंगळूरला असणारा वर्गमित्र गेटवर उभा. माझे हात काळ्या वाळूनं भरलेले, म्हणून मागे घेतले. त्यानं मनगट धरलं आणि चहाच्या गाड्यावर नेलं. "पंपाच्या बॉडीत कोर कसा बसवतोस रे?" म्हणून विचारलं. मग मी तासभर बोलत होतो. आतली पोकळी राहावी म्हणून वाळूचा कोर घालतात. तो नीट वाळला नाही तर ओतताना आत वाफ धरते आणि कास्टिंगला, म्हणजे ओतून झालेल्या भागाला, भोकं पडतात. तो पंपाचं डिझाइन करायचा, पण आपण काढलेलं ओतताना कुठं अडतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आता नवं ड्रॉइंग आलं की फोटो पाठवतो, "बघ की जरा." मी बघतो आणि खरं ते सांगतो. एकदा कोपऱ्याची जाडी त्यानं माझ्या सांगण्यावरून बदलली. ग्रुपात मी परत आलोय. हुद्दा लिहिलाय : मोल्डर.

खानापूरहून

बारावीनंतर आम्ही चौघं मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीला गेलो. सेंटर बेळगावातच. दोघं लागलो, दोघं राहिले. गणपतीला सुट्टी मिळाली की चौघांची आरती एका घरात, हे ठरलेलं. मिळाली नाही त्या वर्षी उरलेले तिघं माझ्या आईकडे जाऊन बसायचे.

शहापूरहून

ताई, तुमच्या अकरांपैकी मुली किती? मुली सापडत नाहीत त्याचं कारण साधं आहे. आडनाव बदलतं, काही घरांत नावही बदलतात. मी दोन वाटांनी शोधते. एक, लग्नपत्रिका. त्यात सासरचं गाव असतं, म्हणून जुन्या पत्रिका टाकू नका. दुसरी, श्रावणी सोमवारी कपिलेश्वराला दर्शनाची रांग. माहेरवाशिणी तिथे भेटतातच. मागच्या वर्षी पुढे उभ्या बाईनं मान वळवली आणि मी तिला लहानपणीच्या नावानं हाक मारली. बावीस वर्षं त्या नावानं कोणी हाक मारली नव्हती म्हणाली. गणितात ती आमच्या वर्गात पहिली यायची. आता गल्लीतल्या मुलांना मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत गणित शिकवते.

वहीवाली

शहापूरच्या ताई, अकरांत सात मुली आहेत. काल माळ्यावरची ट्रंक काढली. दोघींच्या पत्रिका सापडल्या, हळदीचे डाग तसेच आहेत. एकीचं सासर संकेश्वर, दुसरीचं लोंढा. रविवारी सकाळी लोंढ्याला निघते. वही बरोबर नेतेय.